दोन पाकळ्यांची झडप, ४३ मि.मी.ची महाधमनी आणि रक्ताचा रिपोर्ट

प्रश्न चोपडा तालुक्यातून आला आहे, म्हणून आधी तो थोडक्यात सांगतो. विचारणाऱ्यांचा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा, उंची ५ फूट ८ इंच, घरची केळी. विम्याच्या तपासणीत छातीत आवाज ऐकू आला, म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. त्यात झडप जन्मतः दोन पाकळ्यांची निघाली, मध्यम गळती आहे आणि झडपेच्या वरची महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, रुंदावून ४३ मि.मी. झाली आहे. बीपी १३८/८८. त्रास काहीच नाही. मग कुणीतरी 'हार्ट पॅकेज' करून घ्यायला सांगितलं. त्यात डी-डायमर (गुठळी विरघळल्याची खूण) ६२० आणि सीआरपी (शरीरातल्या सुजेची खूण) ३.८ आला, आणि तेव्हापासून घरात कुणाला झोप नाही. प्रश्न असा: महाधमनी फाटणार आहे की नाही हे रक्तावरून कळतं का? कळत असेल तर कोणती तपासणी करू, आणि मुंबईला जावं लागेल का?

नाही. आजच्या घडीला असं सांगणारी रक्ताची तपासणी जळगावात नाही, मुंबईत नाही आणि अमेरिकेतही नाही. तुमच्या भावाचा डी-डायमर ६२० आहे म्हणून त्याची महाधमनी धोक्यात आहे असं होत नाही, आणि तो २०० आला असता तर ती सुरक्षित आहे असंही झालं नसतं. ते पॅकेज या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी बनलेलंच नाही.

आमच्या ओपीडीत हा प्रश्न रोजचा आहे. बाकावरची म्हातारी सरळ विचारते, "रगतमा समदं दिसस ना, डाक्टर?" पुष्कळ काही दिसतं, माय. साखर दिसते, किडनी दिसते, हार्ट अटॅक आला की ट्रोपोनिन दिसतं. महाधमनीची भिंत मात्र अजून रक्तात बोलत नाही. बोलते तेव्हा फार उशिरा बोलते.

आधी झडपेचं बघू, कारण आपल्याकडे 'व्हॉल्व्ह खराब' म्हटलं की लोकांना लहानपणच्या संधिवाताच्या तापाचा, म्हणजे दर २१ दिवसांनी पेनिसिलीन घ्यायचा आजार आठवतो. हा तो नाही. महाधमनीच्या तोंडाशी तीन पाकळ्या असतात. शंभरात एखाद्या माणसाला जन्मतः दोनच असतात, किंवा तीनपैकी दोन एकमेकींना चिकटून मध्ये शिवण पडलेली असते. इकोत तीन पाकळ्यांची झडप उघडते ती त्रिकोणी, आणि दोनची उघडते ती माशाच्या तोंडासारखी. लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी अशी झडप कागदावर काढून ठेवली आहे, म्हणजे आजार नवा नाही. पुरुषांत तो बायकांपेक्षा दोन-तीन पट जास्त आढळतो.

यातल्या बऱ्याच जणांची महाधमनी हळूहळू रुंदावते. याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे दोन पाकळ्यांतून रक्ताची धार सरळ न जाता एका बाजूच्या भिंतीवर आदळते. पाटाला वळण असतं तिथे बाहेरचाच बांध खचतो, तसं. दुसरं म्हणजे भिंतीचा मालच मुळात थोडा कच्चा असतो. त्यातले लवचीक धागे, म्हणजे इलास्टिन, तुटत जातात आणि स्नायूंच्या पेशी कमी होतात. कोणत्या रुग्णात कोणतं कारण किती, यावर अजून वाद आहे, आणि रक्ताची तपासणी अडते तिचं एक मूळ या वादातच आहे.

संशोधकांनी प्रयत्न कमी केलेले नाहीत. भिंत झिजते तेव्हा तिला कुरतडणारी विकरं वाढतात, त्यांना एमएमपी म्हणतात. एमएमपी-२ आणि एमएमपी-९ रक्तात मोजून पाहिले. इलास्टिनचे तुकडे मोजले. टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन मोजलं, कारण मार्फन या महाधमनी रुंदावणाऱ्या जनुकीय आजाराच्या उंदरांत आणि पुढे रुग्णांतही ते वाढलेलं दिसलं होतं. पेशीच्या पृष्ठभागावरून सुटून रक्तात तरंगणारा आरएजीई हा रिसेप्टर मोजला. मायक्रो-आरएनएचे छोटे तुकडे मोजले, त्यातले १४३ आणि १४५ तर रक्तवाहिनीच्या स्नायूंशी जवळचे. जवळजवळ प्रत्येकात कुठे ना कुठे 'दोन गटांत फरक आढळला' असा निष्कर्ष निघाला. आणि प्रत्येकाची गाडी एकाच ठिकाणी अडली: गटाचा फरक एका माणसाला लावता येत नाही. रुंदावलेल्यांची सरासरी जास्त असते, पण न रुंदावलेल्या कितीतरी जणांचा आकडाही तेवढाच असतो.

हे का होतं, ते तापीकाठच्या माणसाला समजवायला सोपं आहे. हतनूरच्या धरणावर उभं राहून पाणी गढूळ आलेलं दिसलं, तर वर कुठेतरी पाऊस झाला एवढं नक्की कळतं. पण माती तापीच्या अंगाची की पूर्णेच्या, की रावेरकडच्या एखाद्या नाल्याचा बांध फुटला, हे त्या पाण्यावरून सांगता येत नाही. महाधमनीच्या त्या खराब पट्ट्याची लांबी असते जेमतेम बोटभर. तिथून सुटलेले रेणू पाच लिटर रक्तात मिसळतात, आणि तेच रेणू फुप्फुसातून, सांध्यांतून, हिरड्यांच्या सुजेतूनही येत असतात.

त्यात नमुना घेण्याची भानगड आहे, आणि ती कुणी पेशंटला सांगत नाही. टीजीएफ-बीटा आणि एमएमपी-९ हे रक्तातल्या बिंबिकांत आणि पांढऱ्या पेशींतही साठलेले असतात. लाल टोपीच्या नळीत रक्त गोठू दिलं की गोठताना हा साठा बाहेर पडतो आणि आकडा फुगतो. तेच रक्त न गोठणाऱ्या नळीत घेतलं, लगेच फिरवून वरचा थर वेगळा केला, तर आकडा वेगळा येतो. म्हणजे माणूस एकच, हात एकच, सुई एकच आणि उत्तरं दोन. आता मे महिन्यातला जळगावचा ४४-४५ अंशांचा दिवस डोळ्यांसमोर आणा. नमुना सकाळी नऊला घेतलेला, कलेक्शनवाल्या पोराच्या गाडीच्या डिकीत, बर्फाची पिशवी दुपारपर्यंत पाणी झालेली, मग रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मोठ्या शहरात. त्या नळीतून उद्या जो आकडा येईल तो तुमच्या भावाचा किती आणि उन्हाचा किती? एवढी नाजूक तपासणी प्रयोगशाळेच्या शेजारच्या खोलीत रक्त काढलं तरच अर्थाची.

आणि समजा, उद्या एखादी चांगली तपासणी निघालीच. तरी एक हिशोब राहतो. दोन पाकळ्यांच्या झडपेच्या ४१६ रुग्णांना अमेरिकेत वर्षानुवर्षं पाहिलं गेलं. तो अभ्यास २०११ साली छापून आला. त्यात महाधमनीला चीर पडण्याचं प्रमाण निघालं १०,००० रुग्णांमागे वर्षाला सुमारे ३. सामान्य माणसापेक्षा हे आठेक पट आहे, पण मुळात आकडा लहान. आता ९० टक्के अचूक तपासणी १०,००० जणांवर लावा. तिघांपैकी बहुधा तिघेही सापडतील, आणि त्यांच्याबरोबर सुमारे १,००० निरोगी माणसांना 'तुम्ही धोक्यात' असा कागद मिळेल. त्या हजार घरांतली झोप कोण परत आणून देणार? तुमच्या घरात एका कागदाने काय झालं ते तुम्ही पाहताच आहात.

आता त्या ६२० कडे येऊ. रक्त कुठेतरी गोठलं आणि ती गुठळी विरघळू लागली की तिचा जो चुरा रक्तात येतो तो डी-डायमर. महाधमनीच्या भिंतीला आतून चीर पडली की रक्त दोन थरांमध्ये घुसतं, तिथे गोठतं आणि डी-डायमर हजारांत जातो. म्हणून आणीबाणीत त्याचा उपयोग आहे. पण शांतपणे ४३ मि.मी.वर बसलेल्या महाधमनीत गुठळी नसतेच, तर चुरा कुठून येणार? ताप, मार लागणं, गरोदरपण, वय, कर्करोग, पायातली गुठळी अशा कितीतरी कारणांनी तो वाढतो. तुम्हीच पुढे लिहिलं आहे की रक्त दिलं त्याच्या चार दिवस आधी भावाला ताप होता. मग ६२० आणि सीआरपी ३.८ हे त्या तापाचं उरलेलं आहे असं मी धरीन. पुन्हा मोजू नका.

डी-डायमरच्या एककाबद्दल मात्र सांगतो, कारण यात मी स्वतः पोळलो आहे. काही लॅब नॅनोग्रॅममध्ये लिहितात, तिथे हद्द ५००. काही मायक्रोग्रॅममध्ये लिहितात, तिथे तीच हद्द ०.५. शिवाय एफईयू आणि डीडीयू अशी दोन मापं आहेत, पहिल्याचा आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याच दवाखान्यात एक ट्रॅक्टरवाले काका पाठीत कळ येते म्हणून दुपारी आले. रिपोर्ट आला ०.८६. ज्युनिअरने ५०० ची हद्द डोक्यात धरून '०.८६ म्हणजे काहीच नाही' असं लिहिलं, आणि मीही सही करताना एकक वाचलं नाही. संध्याकाळी राउंडला काकांच्या दोन्ही हातांचं बीपी घेतलं तर ४० चा फरक. सीटीत छातीच्या मागच्या महाधमनीला चीर होती. त्या भागातली असल्यामुळे बीपी खाली आणून औषधांवर निभावलं. तेव्हापासून आमच्याकडे डी-डायमरचं एकक लाल पेनाने गोल केल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही.

यातून तुमच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट निघते. इमर्जन्सीत डॉक्टर चीर पडल्याचा संशय ० ते ३ गुणांत मोजतात. गुण ० किंवा १ आणि डी-डायमर ५०० च्या आत असेल तर चीर नाही असं धरता येतं. २०१८ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात अशी चूक ३०० मागे एखादीच निघाली. पण ज्याला झडपेचा आजार किंवा रुंदावलेली महाधमनी आधीपासून माहीत आहे, त्याचा एक गुण घरातूनच लागलेला असतो. त्यात छातीत किंवा पाठीत अचानक, फाडल्यासारखी कळ आली की गुण झाले दोन. दोन गुणांवर डी-डायमर करायचाच नसतो, सरळ सीटी अँजिओ. म्हणजे ज्या दिवशी खरंच भीती असेल, त्या दिवशीसुद्धा तुमच्या भावाला ही तपासणी लागू नाही. चीर पुढच्या भागात, हृदयाजवळ असेल तर उपचाराविना पहिल्या दोन दिवसांत तासाला एक-दोन टक्के माणसं जातात. ॲसिडिटीची गोळी देऊन सकाळपर्यंत थांबवणाऱ्याला हा आकडा सांगा. आणि इकोचा रिपोर्ट मोबाईलमध्ये ठेवा, दाराशीच दाखवता येईल.

रक्ताच्या तपासण्या निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. काहींवर तर मी हट्टाने पैसे खर्च करायला लावतो. पहिली ब्लड कल्चर. अशा झडपेवर जंतू बसण्याचा धोका जास्त असतो. भावाला कारण न सापडणारा ताप चार-पाच दिवस राहिला, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी वेगवेगळ्या जागांहून तीन वेळा रक्त घेऊन कल्चर लावायचं. आपल्याकडे उलटं होतं. गावात दोन इंजेक्शनं, तालुक्याला सलाईन, आणि दहाव्या दिवशी आमच्याकडे कल्चर, त्यात काय उगवणार? दुसरी क्रिएटिनिन, पण ती सीटीच्या आधी, कारण सीटीचं औषध किडनीतून जातं. तिसरी एनटी-प्रोबीएनपी. ती महाधमनीबद्दल काहीच सांगत नाही, पण गळती किंवा अरुंदपणा वाढून हृदयाच्या स्नायूवर ताण येऊ लागला की चढते. आज मध्यम गळतीत तिची घाई नाही. एकदा मूळ आकडा नोंदवून ठेवला तर पुढे तुलनेला कामी येतो. आणि चौथी जनुकीय तपासणी. तिच्यासाठी कारण हवं: घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, कुणाची महाधमनी फाटली असेल, किंवा माणूस फार उंच, बोटं लांब, डोळ्याचं भिंग सरकलेलं, असं काही. दोन पाकळ्यांच्या झडपेशी जोडलेलं नॉच-१ हे जनुक २००५ साली सापडलं, पण बहुतेक कुटुंबांत ते सापडत नाही, म्हणून सरसकट तपासणीला अर्थ नाही. मुलगी खूपच बुटकी असेल आणि झडप अशी निघाली, तर मात्र टर्नर या गुणसूत्रांच्या जन्मजात दोषासाठी गुणसूत्रं तपासावीत.

मग भावाचं करायचं काय? मोजायचं, नीट मोजायचं आणि पुन्हा मोजायचं. ४३ हा आकडा कोणत्या जागेचा आहे ते आधी बघा. झडपेच्या लगतच्या फुगीर भागाचा, की त्याच्या वरच्या नळीचा? रिपोर्टवर नुसतं '४३' असेल तर तो अर्धा रिपोर्ट आहे. केळं तिरकं कापलं की चकती लांबट निघते, तसा इकोचा किंवा सीटीचा छेद तिरका गेला की महाधमनी दोन-चार मि.मी.ने 'वाढते'. इकोत एका पद्धतीने मोजतात, सीटीत दुसऱ्या, म्हणून इकोत ४३ आणि सीटीत ४१ हे दोन्ही बरोबर असू शकतं. त्यामुळे एकाच ठिकाणी, शक्यतो एकाच हाताकडून तपासून घ्या. एकदा सीटी किंवा एमआरआय करून पूर्ण महाधमनी पाहून घ्यायची, मग सहा महिन्यांनी इको, आकडा हलला नाही तर वर्षातून एकदा.

ऑपरेशनचा विचार साधारण ५५ मि.मी.ला होतो. घरात चीर पडल्याचा इतिहास असेल किंवा वर्षाला ३ मि.मी. किंवा त्याहून अधिक वाढ दोन वर्षं सलग दिसली तर ५० ला. झडपेचं ऑपरेशन करायचंच असेल तर ४५ लाही सोबत उरकतात. बुटक्या माणसाला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. महाधमनीच्या छेदाचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये काढून उंचीच्या मीटरने भागायचं. १० च्या वर गेलं तर सावध. तुमच्या भावाचं येतं ८.४. पण ४ फूट १० इंच उंचीच्या बाईची महाधमनी ४५ मि.मी. असेल तर तिचं येतं १०.८, म्हणजे आकडा लहान दिसूनही ती पुढे गेलेली असते. मोजमापही परिपूर्ण नाही, हे कबूल करतो. चीर पडलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिकांची महाधमनी त्या वेळी ५५ च्या आतच होती. ही उणीव भरून काढायलाच तर सगळे रक्तातली खूण शोधताहेत.

तोवर हातात आहे ते बीपी. ३१ व्या वर्षी १३८/८८ मला पटत नाही. कुणी त्याच्या जांघेतली नाडी पाहिली का? अशा झडपेबरोबर कधीकधी महाधमनी पुढे जाऊन अरुंद झालेली असते. मग हाताचं बीपी जास्त आणि पायाचं कमी असतं. दोन मिनिटांची, फुकट तपासणी आहे. औषध कोणतं हा दुय्यम प्रश्न. लोसार्टन आणि बीटा ब्लॉकरचा पुरावा मार्फनमधला आहे, तो इथे जसाच्या तसा चिकटवता येत नाही. बीपी १३० च्या आत राहिलं म्हणजे झालं.

केळीच्या कामाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला तीच काळजी जास्त आहे. २०-२५ किलोचा घड दम रोखून, कुंथून खांद्यावर घेतला की त्या क्षणी बीपी २०० च्या वर जाऊ शकतं. आणि काढणीच्या दिवशी असे घड शंभरावर असतात. बागेत फिरणं, पाणी देणं, हिशोब, ट्रकवर माणूस उभं करणं, हे सगळं त्याने करावं. घड दुसऱ्याने उचलावा. तंबाखूची पुडी खिशातून काढायची. आणि हे गावच्या डॉक्टरांना सांगून ठेवा: जुलाब लागले की आपल्याकडे सिप्रो किंवा ऑफ्लॉक्सासिन सर्रास देतात. या गटातली औषधं महाधमनीचा फुगवटा असलेल्यांना, दुसरा पर्याय असताना, देऊ नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आहे. पर्याय बहुतेक वेळा असतो.

शेवटी तुम्ही. अशा रुग्णाच्या सख्ख्या नात्यात साधारण दहात एकाची झडप तशीच निघते. आई-वडील, तुम्ही आणि भावाची मुलं असतील तर तीही, सगळ्यांचा एकेक इको व्हायला हवा. ज्या पैशांत ते दुसरं पॅकेज घ्यायचा विचार चालला आहे, त्यातले निदान एक-दोन इको निघतील. येताना भावाच्या पहिल्या इकोची सीडी आणा, नुसता टाइप केलेला कागद नको. आणि उपाशी यायची गरज नाही. इकोला पोट भरलेलं चालतं.